एन्झाइमला आपला रेणू कसा कळतो?

प्रश्न : माझी भाची जंतूंमधल्या, फोलेट हे जीवनसत्त्व बनवणाऱ्या एन्झाइमचं संगणकावर सिम्युलेशन करते. सल्फाच्या गोळ्यांचा गुण का जातो, तेही त्यातून कळतं म्हणे. पडद्यावर मात्र रेणू नुसते थरथरताना दिसतात. यात खरं गणित किती आणि चित्रं किती? – एक वाचक, सातारा

उत्तर : सगळं गणितच आहे, आणि त्या थरथरीतच सगळं दडलेलं आहे. भाचीचं एन्झाइम बहुधा डायहायड्रोटेरोएट सिंथेज असावं. मीही बरीच वर्षं त्याच्याच मागे आहे. ते आपल्या शरीरात नसतं. आपण फोलेट पालेभाज्या-कडधान्यांतून घेतो, म्हणून हे एन्झाइम अडवणाऱ्या सल्फाचा घाव जंतूंवर बसतो, आपल्यावर नाही.

एन्झाइमची मूळ रचना क्ष-किरणांनी स्फटिक तपासून मिळते. तिच्याभोवती पाणी आणि क्षार भरायचे, प्रत्येक अणूवरची ओढ मोजायची आणि पुढच्या दोन फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग) तो कुठे सरकेल ते न्यूटनच्या नियमाने काढायचं. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, अशी 50 कोटी पावलं लागतात.

आता या एन्झाइमचं वेगळेपण. फोलेट घडवण्यासाठी त्याला दोन रेणू जोडायचे असतात. पहिला टेरिनचा. तो खोल खोबणीत शिरतो आणि तिथली अमिनो आम्लं हायड्रोजन बंधांनी त्याला धरून ठेवतात. दुसरा पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाचा, म्हणजे पाबा. त्याची जागा आधी तयार नसतेच! टेरिनवरचा पायरोफॉस्फेट, म्हणजे दोन फॉस्फेटांचा गट, सुटू लागला, की एन्झाइमचे दोन लवचीक पट्टे वळतात आणि मॅग्नेशियमच्या साथीने ती जागा घडते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांत हे स्पष्ट दिसलं. शाळेतलं कुलूप-किल्लीचं चित्र इथे अपुरं पडतं.

सल्फा पाबाच्याच जागी बसतं, पण त्याचं शेपूट त्या जागेबाहेर येतं. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंतले बदल नेमके त्या शेपटाच्या आसपास सापडतात. पाबाला जागा उरते, सल्फाची अडचण होते.

साध्या सिम्युलेशनमध्ये बंध तुटताना मात्र दिसत नाहीत. त्यासाठी अभिक्रियेच्या जागेपुरतं क्वांटम गणित, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हिशेब, जोडावं लागतं. ही वाट वॉर्शेल आणि लेविट यांनी 1976 मध्ये दाखवली. 2013 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्प्लस यांच्यासह मिळालं.

भाचीला दोन गोष्टी जरूर विचारा. सुरुवातीचे वेग बदलून सिम्युलेशन पुन्हा चालवलं का? आणि खोबणीतलं एखादं अमिनो आम्ल बदलून एन्झाइमचा वेग प्रयोगशाळेत मोजला का? या दोन्हींशिवाय मी माझ्या विद्यार्थ्यांचा निष्कर्ष स्वीकारत नाही.