घरच्यांसकट

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. ज्यांच्या निर्णयानं आमच्या कांद्याचं वाटोळं झालं, त्यांच्यासाठी देवापुढे हात कसे जोडू, असं तू विचारतेस. 8 डिसेंबर 2023ला निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा निघत होता. तो कांदाचाळीत साठवला तरी टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. 4 मे 2024ला बंदी उठली, तोवर तुमचा हंगाम गेला होता. हे सगळं देवाला सांग. राग लपवून कसली प्रार्थना करतेस?

पण त्या मंत्र्याचं नाव घे, आणि घरच्यांसकट घे. ‘सगळ्यांना सुबुद्धी दे’ ही पळवाट झाली.

घरच्यांसकट का? 1942च्या लढ्यात यशवंतराव चव्हाण भूमिगत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि पोलिसांनी वेणूताईंना तुरुंगात टाकलं. पुढे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, आपल्या नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. ती निवडणूक आजही अभिमानानं सांगतात. वेणूताईंनी काय सोसलं, ते कोण विचारतं? 1983मध्ये त्या गेल्या, पुढच्याच वर्षी यशवंतरावही. राजकारण घरातल्या माणसांना असं खातं, मग पक्ष कुठलाही असो. आणि आपण? नेता चुकला की त्याच्या बायकोमुलांची टिंगल मोबाइलवर फिरवतो. तसलं एक चित्र तूही मला पाठवलं होतंस. मला ते मुळीच आवडलं नाही.

पसायदान तुला पाठ आहे ना? ज्यांच्या आईवडिलांना समाजानं जगू दिलं नाही, त्या ज्ञानदेवांनी दुष्टांचा नायनाट मागितला नाही. त्यांचं वाकडेपण जावं, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढंच मागितलं. आपण ते कार्यक्रमाच्या शेवटी घाईनं म्हणतो आणि खुर्च्या उचलायला लागतो.

मार्च 2018मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला, त्यात मी होतो. दिवसभर ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांच्यासाठी रात्री मुक्कामावर प्रार्थना करायचो, नाव घेऊन, घरच्यांसकट. बरोबरचे चिडले. ‘सरकारचा माणूस’ म्हणाले. एका जवळच्या मित्रानं तेव्हा बोलणं टाकलं, ते आजतागायत. त्याची खंत आहे, पण प्रार्थना सोडली नाही, सोडणारही नाही. मी लाचार नव्हतो. पायाला फोड आले तरी मुंबईपर्यंत चाललो, आणि एकही घोषणा हळू दिली नाही. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो, त्याला जाब विचारताना जीभ घसरत नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो.

तेव्हा आज रात्रीपासून सुरू कर. नाव घेऊन, घरच्यांसकट. जमत नाही असं मला कळवू नकोस.

आणि मंत्र्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा रविवारी घेऊन ये. निर्यातीचा मुद्दा कुठे मऊ केलेला दिसला, तर परत लिहायला लावीन.

तुझा,
सर