एक युरोचं घर आणि तळघराचा मालक

तुमचा निरोप सावकाश वाचला. दोघंही पन्नाशीत, मुलगी मार्गी लागलेली. कोथरूडचा दुसरा फ्लॅट विकून इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावात दगडी घर घ्यायचं, सलग सहा महिने राहायचं, उरलेल्या दिवसांत ते पर्यटकांना भाड्यानं द्यायचं. आणि एक युरोला घर मिळतं हे खरं का, हा प्रश्न. मी मध्य इटलीतल्या अब्रुत्सो प्रांतात, सुल्मोनाजवळच्या एका गावात असंच घर घेऊन सात वर्षं राहतोय. वहिनींनाही हे वाचायला द्या.

एक युरोची घरं खोटी नाहीत. सिसिलीतल्या मुस्सोमेली, सांबूका, गांजी या गावांनी ती खरंच दिली. पण कोमुने, म्हणजे तिथली नगरपालिका, ठरावीक मुदतीत (बहुधा तीन वर्षांत) दुरुस्ती पूर्ण करायचं लिहून घेते आणि वर काही हजार युरो अनामत ठेवायला लावते. आत छप्पर कोसळलेलं आणि चुलीच्या जागी अंजीर उगवलेलं असतं. त्यापेक्षा छप्पर शाबूत असलेलं वीस-तीस हजार युरोंचं घर स्वस्त पडतं. मी तेच केलं, आणि तरी दुरुस्तीला किमतीच्या दुपटीहून जास्त गेले.

पण तुमची अडचण पैशाच्या आधी सुरू होते. इटलीत राहण्याचा परवाना नसलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घर घेता येतं का, हे परस्परतेवर ठरतं. त्याच्या देशात इटालियन माणसाला तोच हक्क हवा. आपल्याकडे फेमा या परकी चलनाच्या कायद्याखाली, भारतीय वंशाचा नसलेला आणि भारतात न राहणारा परदेशी सरसकट घर विकत घेऊ शकत नाही. मी नोकरीच्या परवान्यावर होतो म्हणून माझं निभावलं. तेव्हा एजंटाला फोन करण्याआधी नोतायोला, म्हणजे तिथल्या सरकारी नेमणुकीच्या दस्तऐवज अधिकाऱ्याला, हा एकच प्रश्न लेखी विचारा.

सलग सहा महिन्यांचंही तसंच. घर नावावर झालं म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही; १८० दिवसांत ९० दिवस, बस्स. त्याहून जास्त राहायचं तर ‘रेसिदेन्त्सा एलेत्तीवा’ हा व्हिसा आहे. त्याला भाडं, पेन्शन, व्याज असं बसल्या जागचं उत्पन्न एकट्यासाठी वर्षाला साधारण ३१ हजार युरो लागतं, जोडीदारासाठी आणखी. त्यावर नोकरी करता येत नाही, घरी बसून पुण्याच्या कंपनीचीही नाही. हा व्हिसा मिळाला म्हणून वरची परस्परतेची गाठ आपोआप सुटते असं धरू नका, तेही नोतायोलाच विचारा. पण क्रम लक्षात ठेवा: आधी व्हिसा, मग घर. भारतातून पैसे पाठवायची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापेल, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

आता कागद. कोकणात वडिलोपार्जित घर विकायचा प्रयत्न केला असेल तर तुम्हाला अर्धी इटली कळली. या गावांतली माणसं अर्जेंटिना, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली आणि घरं सहहिस्सेदारांच्या नावावर राहिली. माझ्या घराला नऊ वारस होते. सातवी बाई टोरांटोत. तिचं मुखत्यारपत्र यायला पाच महिने लागले. कातास्तोचा, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा आपल्या सातबाऱ्यासारखाच, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. साठेखताला इथे ‘कोम्प्रोमेस्सो’ म्हणतात, खरेदीखताला ‘रोजितो’. विसार देऊन तुम्ही मागे फिरलात तर तो बुडाला. विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट द्यायचा.

तरी मी चुकलोच. माझ्या स्वयंपाकघराखाली दगडी कमानीचं तळघर आहे, तेही माझंच असं मी धरून चाललो होतो. सप्टेंबरातल्या एका सकाळी खालून काच आपटल्याचा आवाज आला. बघतो तर गल्लीतला एक आजोबा कुलूप उघडून वाइनचे बुधले धूत बसलेले. तळघर त्यांच्या वडिलांपासून त्यांचंच. मजले आणि तळघरं अशी वेगवेगळ्या मालकांची असणं इथे नेहमीचं आहे. उताऱ्यावर तो क्रमांक वेगळा छापलेला होता, मीच बघितला नव्हता. म्हणून स्वतःचा जेओमेत्रा नेमा. तो मोजणीदार, नकाशेवाला आणि नगरपालिकेतला तुमचा माणूस, असं सगळं एकात असतो. एजंटानं सुचवलेला नको. नकाशावर नसलेली न्हाणीघरं आणि जिने त्यालाच सापडतात.

भिंती सत्तर सेंटिमीटर, दगड आणि चुना. मी घाईत एका गवंड्याकडून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दुसऱ्या हिवाळ्यात कमरेपर्यंत ओल चढली आणि रंगाचे पोपडे तळहाताएवढे सुटले. सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. वर ‘कोप्पी’ असतात, म्हणजे आपली नळीची कौलं. दर वर्षी बर्फानंतर चाळावी लागतात. गल्लीत टेम्पो शिरत नाही. वाळू-चुना येतो तो आपेमधून, तीच पियाजिओची तीनचाकी, जी आपल्या बारामतीला बनते. पायऱ्या लागल्या की पुढे माणसाच्या खांद्यावर, आणि ती मजुरी वेगळी.

भूकंपाचं हसण्यावारी नेऊ नका. २००९ला लाक्विला, २०१६ला आमात्रिचे आणि नोर्चा. अब्रुत्सोतल्याच सांतो स्तेफानो दि सेस्सानियो या गावाचा जुना बुरूज २००९च्या धक्क्यात कोसळला होता. समोरासमोरच्या भिंती बांधून धरणाऱ्या लोखंडी ओढ-सळया आहेत का, हे बघितल्याशिवाय पुढचं बोलणं नको.

कर थोडक्यात: खरेदीखतापासून १८ महिन्यांत त्याच गावात अधिकृत वास्तव्य नोंदवलंत तर नोंदणी कर २ टक्के, नाहीतर ९, आकारणी सरकारी मूल्यावर, पण कमीत कमी १,००० युरो. दुसरं घर धरलं गेलं तर दरसाल ‘इमू’ नावाची घरपट्टी. पर्यटकांना भाड्यानं द्यायचं तर राष्ट्रीय ओळख क्रमांक घेऊन तो दारावर लावावा लागतो. आमच्या गावात मात्र नोव्हेंबर ते मार्च गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा त्या उत्पन्नाच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

बघायला जूनमध्ये नको, फेब्रुवारीत या. एखादं घर भाड्यानं घेऊन महिनाभर राहा. दुपारी चारला ऊन डोंगराआड जातं, दुकान एकच, डॉक्टर आठवड्यातून दोनदा. वहिनींना ते मानवलं तर पुढे जा. आवडलेल्या घराचा उतारा आणि नकाशा मला पाठवा, माझ्या जेओमेत्राला दाखवतो. तोवर ‘प्रोपोस्ता’ नावाचा साधासुधा दिसणारा फॉर्म कुणी पुढे केला तर सही करू नका. मालकानं तो मान्य केला की तुम्ही बांधले गेलात.