‘फुप्फुस’ की ‘फुफ्फुस’?

एका वाचक भगिनीने विचारले आहे: मुलीने विज्ञानाच्या वहीत श्वसनसंस्थेची आकृती काढून ‘फुफ्फुस’ असे नाव दिले. बाईंनी लाल शाईने पहिला अर्धा ‘फ’ खोडून तेथे ‘प’ केला. छापील मजकुरात तर ‘फुफ्फुस’ सर्रास दिसते, मग बरोबर काय?

बाईंची दुरुस्ती योग्य आहे. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे आणि तेथे तो ‘फुप्फुस’ असा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अवयवांची उत्पत्ती सांगताना ‘शोणितफेनप्रभवः फुप्फुसः’ असे म्हटले आहे, म्हणजे फुप्फुस रक्ताच्या फेसापासून झाले. ही निव्वळ कविकल्पना मला वाटत नाही. बोकडाचे ताजे फुप्फुस कापून दाबले तर गुलाबीसर फेस बाहेर येतो, आणि त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तो तरंगतो, यकृताचा मात्र तळाला जातो. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले असेल, त्याला फेसच आठवणार.

आता ‘प्फ’ का, ते पाहू. ‘फ’ हा महाप्राण आहे, म्हणजे ओठ मिटून उघडताना ‘प’पेक्षा हवेचा अधिक जोरदार झोत बाहेर पडतो. जोडाक्षरात ओठ एकदाच मिटतात आणि एकदाच उघडतात, त्यामुळे झोतही एकदाच सुटतो, तोही शेवटी. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून शब्द सावकाश म्हणून पाहावा: ‘फु’ला पट्टी हलते, मग ओठ मिटलेले असताना क्षणभर स्थिर राहते आणि ‘फु’ सुटताच पुन्हा हलते. तो मधला मिटलेला क्षण म्हणजे अर्धा ‘प’. पाणिनीने हेच ‘खरि च’ (8.4.55) या सूत्रात बांधले आहे. बुद्धी, शुद्ध, स्वच्छ या शब्दांच्या जोडाक्षरांतही पहिले अक्षर अल्पप्राण, म्हणजे कमी झोताचे, आणि दुसरे महाप्राण अशीच जोडणी आहे.

तरीही ‘फुफ्फुस’ लिहिणाऱ्याला अडाणी ठरवणे मला मान्य नाही. मराठीची स्वतःची लेखनरीत वेगळी आहे. आपण चिठ्ठी, लठ्ठ, गठ्ठा, अख्खा, मख्ख, गफ्फा, लफ्फेदार असे लिहितो आणि महाप्राणच दोनदा लिहून मोकळे होतो, उच्चार मात्र ‘चिट्ठी’, ‘अक्खा’ असाच करतो. त्याच सवयीने हात ‘फुफ्फुस’ लिहून जातो. शिवाय आज बरेच मराठी लोक ‘फ’ वरचे दात खालच्या ओठाला लावून, ‘फोन’ आणि ‘फी’मधल्यासारखा उच्चारतात. त्या उच्चारात ओठ मिटतच नाहीत, हवा घासत राहते, त्यामुळे दोन्ही ‘फ’ खरोखरच सलग म्हणता येतात. म्हणजे या चुकीमागे कारण आहे. पण तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचा हा संकेत आपण ‘शुद्ध’ला पाळतो, तर ‘फुप्फुसा’ला वगळण्याचे कारण नाही, विशेषतः शास्त्रीय लेखनात.

वाचक भगिनींनी विचारलेले नाही, पण वचनाचा मुद्दा मला शुद्धलेखनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे: एक फुप्फुस, दोन फुप्फुसे. सुश्रुताच्या वर्णनात हृदयाच्या डावीकडे प्लीहा व फुप्फुस, उजवीकडे यकृत व क्लोम असे येते. तेथे फुप्फुस एकवचनी आहे, आणि क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आज आपण दोन्ही बाजूंना एकच शब्द वापरतो, पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन, कारण हृदय डावीकडे झुकलेले असते. श्वासनलिकेच्या दोन मुख्य शाखांपैकी उजवी अधिक रुंद, आखूड आणि उभी असते, म्हणून लहान मुलाच्या श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडेच अडकतो. ‘फुप्फुसात काहीतरी अडकले’ एवढे म्हणून भागत नाही, बाजू सांगावी लागते.

तेव्हा वहीतील आकृतीत नावाची रेघ दोन्ही बाजूंना ओढली असेल तर ‘फुप्फुसे’ लिहावे. एकाच बाजूला असेल तर ‘उजवे फुप्फुस’ किंवा ‘डावे फुप्फुस’ असे स्पष्ट लिहावे, आणि चित्रातील माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा असल्याने त्याचे उजवे फुप्फुस कागदावर आपल्या डाव्या हाताला येते, हे मुलीला आधी दाखवून द्यावे.