दालचिनीतली ‘खरी’ कोणती, आणि कुठली कशात घालायची?

तुमचे प्रश्न दोन आहेत. किराणा दुकानात जाड सालीची स्वस्त आणि पातळ नळीची महाग अशा दोन दालचिन्या दिसल्या, त्यातली खरी कुठली? आणि महागडी आणून बिर्याणीत घातली तर वासच का लागला नाही?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण हा पराक्रम मीही केलाय. श्रीलंकेहून कुणीतरी प्रेमाने आणलेल्या काड्या मी कौतुकाने मटणाच्या रश्श्यात घातल्या. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, लवंग, मिरी, वर लाल तिखट; एवढ्या दांडग्या मंडळींपुढे त्या बिचाऱ्यांचा निभाव लागला नाही. माल उत्तम होता, पातेलं चुकलं होतं.

पातळ असते ती सिलोनची, म्हणजे श्रीलंकेची दालचिनी. हात लावताच कळते: कागदासारख्या सालींचे थर एकात एक गुंडाळलेले, टोकाकडून पाहिलं तर विडीसारखी भरीव, रंग फिका, बोटांनी चुरगळली तरी मोडते. साधारण दोन वर्षांच्या कोवळ्या फांद्या तोडून वरची खरबरीत साल खरवडून टाकतात, फांदी पितळी दांडक्याने घासतात, म्हणजे आतली साल सैल होते. मग ती अलगद सोलून, एकीत दुसरी सरकवत लांब नळी करतात आणि सावलीत वाळवतात. यंत्राचं काम नव्हे, हाताचं कसब आहे, किंमत त्याचीच. सगळ्यांत बारीक, ६ मिलिमीटरच्या आतल्या नळीला ‘आल्बा’ म्हणतात. २०२२ साली युरोपीय संघाने ‘सिलोन दालचिनी’ला भौगोलिक मानांकनही दिलं.

जाड असते ती कॅशिया. एकच थर, लाकडासारखा कडक, कडा आत वळलेल्या किंवा नुसते चपटे तुकडे. मिक्सरमध्ये घातली की खडखडाट होतो. आधी खलबत्त्यात फोडून घेतलेली बरी. हिच्यातही घराणी आहेत: चिनी, इंडोनेशियातली (सुमात्रा बेटावरच्या केरिंची भागातली प्रसिद्ध आहे) आणि व्हिएतनामी. व्हिएतनामीत तेल सगळ्यांत जास्त, म्हणून जिभेला झोंबते आणि गोडही लागते. इंडोनेशियाची त्या मानाने सौम्य.

आता ‘खरी’ कुठली? आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दोन्हींची नोंद वेगवेगळी आहे. दालचिनी म्हणजे सिलोनची, आणि कॅशियाला तिथे ‘तज’ म्हटलंय. म्हणजे कागदोपत्री तज ‘दालचिनी’ म्हणून विकणं चूकच. पण गंमत बघा, दालचिनी हा शब्दच फारसी ‘दारचिनी’वरून आला, म्हणजे चीनचं लाकूड! नावाने बघायचं तर जाड सालीचा हक्क मोठा. त्यामुळे कॅशियाला कुणी ‘नकली’ म्हटलं की मला पटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत पुलावाला जो वास ओळखीचा आहे तो तिचाच आहे.

एका बाबतीत मात्र फरक खरंच महत्त्वाचा. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनमध्ये ते नगण्य. काही माणसांच्या यकृताला ते जास्त प्रमाणात सोसत नाही. जर्मनीत ख्रिसमसच्या दालचिनी-बिस्किटांवरून यावर पुष्कळ चर्चा झाली. तिथल्या जोखीम-मूल्यांकन संस्थेचा हिशेब असा: रोज, आयुष्यभर खायचं तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम कुमारिन चालेल. म्हणजे ६० किलोच्या माणसाला कॅशियाची पूड दिवसाला साधारण २ ग्रॅम, जेमतेम एक छोटा चमचा. मसालेभातात इंचभर तुकडा घालून तो ताटाच्या कडेला काढून ठेवणाऱ्यांनी याची काळजी करू नये. पण सकाळी उठून कोमट पाण्यात चमचाभर पूड घेण्याची जी टूम निघालीय, तिथे पूड सिलोनचीच हवी. मधुमेहाच्या किंवा यकृताच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पुडीत नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून मी तयार पूड आणतच नाही. काड्या आणायच्या, तव्यावर जरा कोमट करायच्या (भाजायच्या नाहीत), निवल्या की दळायच्या, तेही पंधरा दिवसांपुरत्या.

स्वयंपाकात माझा साधा हिशेब आहे. जे फोडणीत पडतं आणि बराच वेळ शिजतं, तिथे जाड साल. दालचिनीचा मुख्य सुगंध तेलात उतरतो, म्हणून तुकडा तेल-तुपात आधी पडला पाहिजे. आच मंद, तो करपला की सगळा भात कडवट. दोन वाट्या तांदळाला इंचभर तुकडा भरपूर झाला. आमच्याकडे गोड्या मसाल्यात अर्धा किलो धण्यांना १० ग्रॅम दालचिनी पडते, तीही जाडच. पातळ घालून पाहिली, दगडफूल आणि सुक्या खोबऱ्यात हरवून गेली. कोल्हापुरी रस्सा, गोव्याची शाकुती, सगळीकडे हाच न्याय.

जिथे दालचिनीच मुख्य आहे आणि दूध, साखर किंवा फळ सोबतीला आहे, तिथे पातळ. खीर, सफरचंदाचा मुरांबा, पेअर शिजवून केलेलं गोड, दुधाचा मसाला. तिचा वास हलका, जरासा लिंबाच्या सालीकडे झुकणारा असतो. दुधात तो मोकळा होतो. कॅशियाची पूड गरम दुधात घातली तर तळाशी बुळबुळीत साका बसतो, कारण तिच्यात चिकट द्रव्य जास्त असतं. दालचिनीचे रोल करत असाल तर पूड कणकेत मळू नका, सारणात घाला. तिचं तेल यीस्टला मारक असतं, पीठ फुगायला वेळ लागतो. माझी पहिली खेप दगड झाली होती.

जाता जाता कोकणाबद्दल. नारळी-पोफळीच्या बागेत जी दालचिनी लावतात ती सिलोनच्याच जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचं वाणही काढलंय. माझ्या माहेरी परसात एक झाड आहे. पालवी फुटते तेव्हा लालभडक असते, नवख्याला वाटतं झाडाला फुलंच आली. पाऊस सरता सरता साल सहज सुटते, तेव्हा आई चाकूने फांद्या सोलते. श्रीलंकेच्या कसबाची सर नाही, वेड्यावाकड्या पन्हाळी होतात, पण वास घर भरून. तिथे पुलावात पानंही याच झाडाची घालतात. पान चोळून बघा, वास लवंगेचा येतो, कारण सालीत एक तेल आणि पानात दुसरं. बाजारातलं तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याच्या चुलत झाडाचं. तीन उभ्या शिरा दोन्हींत सारख्याच.

तुमच्या महागड्या पाकिटाचं काय करायचं? बिर्याणीपासून लांब ठेवा. एक काडी हाताने मोडून अर्धा लिटर दुधात टाका, मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, साखर नेहमीपेक्षा थोडी कमी घाला आणि गाळून प्या. बिर्याणीसाठी त्याच दुकानातून जाड सालीची छोटी पुडी आणा.