पोट्टी इलेक्ट्रॉनिक्सची, लॅब सिव्हिलची

नमस्कार भाऊ,

पत्र वाचलं तुमचं. मुलीचं इलेक्ट्रॉनिक्स झालं, विद्यापीठाच्या स्ट्रक्चरल टेस्टिंग लॅबमध्ये वर्षभराचं प्रोजेक्टवरचं काम मिळतंय आणि तुम्ही लिहिलंय, "सिमेंट-लोखंडाच्या धुळीत माझ्या पोट्टीचं काय काम जी, मैत्रिणी तर आयटीत पुण्याला चालल्या." राग मानू नका, पण हसू आलं, कारण त्या लॅबमध्ये सिव्हिलवाल्यांचं घोडं अडतं ते नेमकं तिच्यासारख्यांपाशीच.

असं बघा, काँक्रीटचा बीम जॅकखाली दाबतात, आतल्या सळईला ती किती ताणली ते मोजणारा नखाएवढा स्ट्रेन गेज चिकटवलेला असतो, समजा १२० ओहमचा. सळई १०० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा हजारांत एक भाग, ताणली तर त्याचा रेझिस्टन्स बदलतो फक्त ०.०२४ ओहमच्या आसपास. एवढुसं पकडायला बारावीत रट्टा मारलेला तोच व्हीटस्टन ब्रिज लागतो, मग अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर, रीडिंग साठवणारा डेटा लॉगर. त्यात आपला नागपूरचा मे महिना! लोखंड डिग्रीमागे साधारण १२ मायक्रोस्ट्रेन पसरतं, म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत १५ डिग्री चढलं की १८० झाले, बीमवर काहीही न ठेवता. म्हणून बाजूला भार न दिलेल्या तशाच सळईवर एक डमी गेज लावायचा, म्हणजे उन्हाचा ताण वजा होतो. वायरचं शिल्डिंग नीट नसलं की मेन्सचा ५० हर्ट्झचा नॉइज घुसतो तो वेगळाच. आणि बीम एकदाच मोडतो हो. कोड चुकला तर परत रन मारता येतो, इथं रीडिंग गेलं की नवा बीम ओता आणि २८ दिवस थांबा.

आता कडू बोलतो. पगार आयटीपेक्षा कमी असणार, प्रोजेक्ट संपला की काम संपलं. शिवाय सगळ्याच लॅब धड नसतात, माझ्याकडे आलेल्या एका पोराला वर्षभर क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून बघतात ती) आकडे वहीत उतरवायला बसवलं होतं, शिकला काय तर अक्षर सुधारलं. म्हणून हो म्हणायच्या आधी तिनंच विचारावं की गेज लावणं, लोड सेल (भार मोजणारा) आणि एलव्हीडीटीचं (बीम किती सरकला ते मोजणारा) कॅलिब्रेशन, लॉगरचा प्रोग्राम, हे कोण करतं? "तूच कर" असं उत्तर आलं तर डोळे मिटून पाठवा, "बाहेरची एजन्सी येते" म्हणाले तर आयटीच बरी.

हेच गेज गाड्यांच्या चेसिसवर लागतात, पुण्याला गाड्या तपासणारी एआरएआय संस्था आहे. पुलांच्या लोड टेस्टला, मॉनिटरिंगला लागतात, आणि चेन्नईचं एसईआरसी हे सरकारी स्ट्रक्चरल संशोधन केंद्र तर यातच आहे. वर्ष फुकट जाणार नाही.

एखादी टेस्ट असेल त्या दिवशी विचारून तुम्हीच जा तिच्यासोबत बघायला. फक्त बीम मोडताना जवळ उभे राहू नका.