राजगिरा मुंगीने नेला, एरंडही मुंगीनेच लावला

वाफ्यात पेरलेला राजगिरा मुंग्यांनी दोन दिवसांत साफ केला आणि त्याच बिळाशेजारी कुणी न लावता एरंडाची चार रोपं आली. मग मुंगीला चोर म्हणायचं की माळी, असं तुम्ही विचारलंय. मुंगीकडे नंतर बघू. आधी दोन्ही बिया हातात घ्या.

एरंडाच्या बीच्या एका टोकाला फिकट, मऊसर बोंडी दिसेल. (हे बी रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडासारखं दिसतं. एरंडाच्या शास्त्रीय नावातल्या 'रिसिनस'चा लॅटिन अर्थही गोचीडच. बी विषारी आहे, लहान मुलांपासून लांब ठेवा.) मुंगीचं सगळं लक्ष त्या तेलकट बोंडीवर. अशा बोंड्यांतली स्निग्ध आम्लं मेलेल्या किड्यातल्या आम्लांशी बरीच जुळतात, त्यामुळे मुंगी बी उचलते ती दाणा म्हणून नव्हे, शिकार म्हणून. एरंडाचं बोंड उन्हात तडकून बी थोडं लांब उडतंच, पुढचा प्रवास मुंग्या करवतात. बिळात बोंडी कुरतडून खातात. टणक कवचाचं उरलेलं बी त्यांना फोडता येत नाही, मग ते बाहेर त्यांच्या उकिरड्यावर येऊन पडतं. तिथली माती भुसभुशीत आणि खताची. तुमची चार रोपं तिथलीच. अशी मुंग्यांवर विसंबलेली झाडं जगात ११,००० जातींच्या वर आहेत. काही काडीकिड्यांनीही हीच युक्ती साधली आहे: अंड्याला तशीच बोंडी, आणि मुंग्या ते अंडंही बी समजून घरी नेतात!

राजगिऱ्याला बोंडीबिंडी काही नाही. तिथे खाऊ म्हणजे दाणाच. बिळाच्या तोंडाशी नीट बघा, गवताच्या कुसांचा आणि कोंड्याचा गोल कडा असेल तर त्या धान्य साठवणाऱ्या मुंग्या. त्यांची पहिली चांगली नोंद आपल्या पुण्याची आहे. १८२९ साली साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला सकाळी फिरताना परेडच्या मैदानाजवळ गवताच्या बियांच्या मूठमूठभर ढिगल्या दिसल्या. पावसात भिजलेलं धान्य मुंग्या वर आणून उन्हात वाळवत होत्या. मुंग्या धान्य साठवतात यावर तेव्हा युरोपातल्या बऱ्याच अभ्यासकांचा विश्वास नव्हता, कारण त्यांच्या थंड प्रदेशातल्या मुंग्या तसं करत नाहीत. साइक्सने त्या जातीला नाव दिलं 'प्रोव्हिडेन्स', म्हणजे पुढची तरतूद करणारी. यातलेही काही दाणे वाटेत सांडतात, काही बिळात विसरले जातात आणि उगवतात. पण ते चुकून. बहुतेकांचं पीठच होतं.

सरसकट मुंग्या मारू नका. दक्षिण आफ्रिकेत अर्जेंटिनाहून आलेल्या मुंग्यांनी स्थानिक मुंग्यांना हुसकावलं. या नव्या मुंग्या बोंडी जागच्या जागी खातात आणि बी उघड्यावर टाकून देतात. मग ते उंदरांच्या तोंडी जातं किंवा वणव्यात जळतं. तिथल्या मोठ्या बियांच्या झुडपांची नवी रोपं त्यामुळे घटली.

आणि खरा चोर बघायचा असेल तर चिंचोके तपासा. गोल भोक पडलेला चिंचोका म्हणजे भुंगेऱ्याची अळी आत वाढून, गर खाऊन बाहेर पडलेली. तो इकडचं बी तिकडे नेत नाही, नुसतं संपवतो. पेरण्याआधी चिंचोके पाण्यात टाका, तरंगतील ते फेका.

राजगिरा पुन्हा पेराल तेव्हा बी राखेत घोळून घ्या, वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्या आणि उगवेपर्यंत पेंढ्याने झाका. बिळाच्या बाजूला मूठभर तांदळाची कणी टाकली की त्या तिकडेच गुंततात, निदान माझ्याकडे तरी. एरंडाची रोपं मात्र गुरं किंवा शेळ्या तिथे फिरत असतील तर आत्ताच उपटा.