लाल टॅग मी लावला, प्रमोशन त्याला

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर माझी बायको वाचते, तिनेच सांगितलं एकदा लिहून बघा म्हणून. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, गाव सोलापूरकडचं, इथं नऊ वर्षं झाली. प्रॉडक्शनला एक जण आहे, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. कामाचं म्हणाल तर ड्रॉइंग धड वाचता येत नाही, पण आवाज मोठा, आणि मोठे साहेब शॉपवर आले की हा कुठून तरी समोर हजर. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना आईवरून शिव्या. एकदा एकाच्या अंगावर पीस फेकला, खांद्याला लागला, तो पोरगा जेवणाच्या सुट्टीत लॉकररूममध्ये नुसता बसून होता, डबा उघडलाच नाही त्याने.

मार्चमध्ये नाइट शिफ्टला एका लॉटमध्ये बोअर, म्हणजे पार्टची भोकं, ओव्हरसाइज निघाले, जो आत जायलाच नको तो नो-गो गेज सरळ आत जात होता. मी ४२० पीस होल्ड केले, ट्रॉलीला लाल टॅग लावला, रजिस्टरला लिहिलं आणि सकाळी घरी गेलो. महिनाअखेर होती, डिस्पॅचचा आकडा कमी पडत होता, याने टॅग काढून माल गाडीत भरला. चौथ्या दिवशी कस्टमरची लाइन थांबली. मग सॉर्टिंगला, म्हणजे खराब पीस निवडून काढायला, माझीच चार पोरं तिकडे तीन दिवस, आणि हा तिथे उभा राहून ग्रुपवर फोटो टाकतोय की टीमने रात्रंदिवस मेहनत करून इश्यू क्लोज केला. प्लांट हेडचा अंगठा आला, मग सगळ्यांचे अंगठे. एप्रिलमध्ये तो असिस्टंट मॅनेजर झाला. मला रेटिंग ३, बेल कर्व्हमध्ये बसवावं लागतं रे, असं आमचे साहेब म्हणाले. आता हा मला सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर विचारतो, तू माल अडवायचा पगार घेतोस का. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय. झोप लागत नाही. परवा मुलीने पेन्सिलचं टोक मोडलं एवढ्यावरून तिच्यावर ओरडलो आणि नंतर लक्षात आलं की मी त्याच्याच आवाजात ओरडलो. प्रामाणिकपणे काम केलं ही चूक झाली का? राजीनामा टाकू का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या पेन्सिलीपाशी थांबले. आधी तेवढं करा. मुलीला जवळ घ्या आणि सांगा, बाबाचं चुकलं, तुझं काही चुकलं नव्हतं. लहान असली तरी तिला कळतं. बाकी सगळं त्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. नाही, चूक झाली नाही. नो-गो आत जात असताना माल अडवायचा नाही तर कधी अडवायचा, ते पीस शेवटी कुणाच्या तरी गाडीत बसणार होते ना. तुम्हाला जे लागलंय ते नुसतं प्रमोशन हुकल्याचं नाही, आपण नीट केलेलं काम कुणी पाहिलंसुद्धा नाही आणि बिघडवणाऱ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले, हे लागलंय. ते लागणारच, त्याची लाज वाटून घेऊ नका.

मी भोसरी-पिंपरी पट्ट्यात २६ वर्षं कंपन्यांच्या पर्सोनेलमध्ये काढली, आता त्याला एचआर म्हणतात, आणि प्रमोशनच्या कितीतरी मीटिंगांत बसलेय, म्हणून आत काय चालतं ते सांगते. दहाबारा नावं असतात, जेवणाआधी सगळं उरकायचं असतं, आणि वरचे साहेब विचारतात की उद्या प्रॉब्लेम आला तर हँडल कोण करेल. की ज्याचं नाव वर्षभर कानावर पडलंय तेच नाव तोंडात येतं. होल्ड रजिस्टर त्या टेबलावर कधी आलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही अडवलेला खराब माल कस्टमरकडे गेलाच नाही, त्यामुळे कंप्लेंट आली नाही, त्यामुळे कुणाला फोन आला नाही, आणि जे घडलंच नाही ते साहेबांना दिसणार कसं. याने मात्र आग लावली आणि बादली घेऊन धावलाही तोच, आणि धावताना तो दिसला. वरून बघणाऱ्याला ओरडणं म्हणजे कमांड वाटते, खाली ज्याच्या खांद्याला पीस लागतो त्यालाच ते काय आहे ते माहीत असतं. प्लांट हेड दुष्ट असतीलच असं नाही, पण मार्चचा डिस्पॅच त्यांना रोज विचारला जातो आणि लॉकररूममधला तो पोरगा त्यांना कुणी दाखवत नाही.

आणि हे फक्त चाकणचं नाही. लॉरेन्स पीटर या माणसाने १९६९ मध्येच मांडलं होतं की माणसाला तो आधीच्या कामात चांगला म्हणून वर चढवत नेतात आणि जिथे त्याला काम झेपत नाही त्या खुर्चीवर तो अडकतो. २०१९ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या सेल्सच्या लोकांची माहिती तपासली तर तेच निघालं, जास्त विक्री करणारे पटापट मॅनेजर झाले पण मॅनेजर म्हणून कमी पडले, उलट जे दुसऱ्याबरोबर मिळून सौदे करायचे, श्रेय वाटून घ्यायचे, ते चांगले मॅनेजर निघाले. म्हणजे तिथे निदान काम करणारा तरी वर गेला होता, तुमच्याकडे तेही नाही. बेल कर्व्हचं म्हणाल तर ही टक्केवारी आधी ठरवून माणसं त्यात कोंबायची पद्धत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा प्रमुख जॅक वेल्श याने गाजवली, वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०, आणि मायक्रोसॉफ्टने तसलीच पद्धत २०१३ मध्ये बंद केली कारण माणसं कामाऐवजी एकमेकांशीच झुंजायला लागली होती. तेव्हा तो ३ आकडा घरी नेऊन उशाशी ठेवू नका, तो तुमच्या नऊ वर्षांचा हिशोब नाही.

आता काय करायचं. तुमच्या गेटवर आयएटीएफ १६९४९ या गाड्यांच्या धंद्यातल्या क्वालिटी स्टँडर्डचा बोर्ड असेल, गाड्यांचे पार्ट देणाऱ्या बहुतेकांकडे असतो. त्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय की मालाच्या क्वालिटीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला शिपमेंट थांबवायचा आणि प्रॉडक्शन थांबवायचा अधिकार पाहिजे. ड्रॉइंगच्या बाहेरचा माल द्यायचाच असेल तर आधी कस्टमरची परवानगी, म्हणजे डेव्हिएशन, घ्यावी लागते, हेही त्यातच आहे. तुम्ही माल अडवायचाच पगार घेता, हे मीटिंगला शांत आवाजात, असंच्या असं बोला. भांडू नका. "सर, स्टँडर्डप्रमाणे हा लॉट होल्ड आहे, डेव्हिएशन मिळालं की सोडतो, तसा मेल करतो," एवढंच, आणि मेल खरंच करा. रजिस्टर कपाटात राहतं, मेल साहेबांच्या साहेबांपर्यंत जातो. टॅगचा फोटो, लॉट नंबर, शिफ्ट, किती पीस, गेजचं रीडिंग. कंपनीत मोबाइल चालत नसेल तर फोटो कंपनीच्या कॅमेऱ्यावर काढा आणि कंपनीचे कागद घरच्या मेलवर पाठवत बसू नका, उद्या तेच तुमच्यावर उलटवतील.

दर महिन्याला एक पान करा. या महिन्यात किती पीस आत अडवले आणि ते बाहेर गेले असते तर सॉर्टिंगला माणसं किती, गाडीभाडं किती, कस्टमर आपल्या बिलातून कापणार ती डेबिट नोट किती, हे मार्चच्याच खर्चावरून काढता येईल. त्या पानात त्याचं नाव कुठेही नको. मला माहितीय हे मनाला पटत नाही, आपलं काम आपणच काय सांगत सुटायचं, नाकासमोर चालणाऱ्या माणसाला ते पुढे पुढे करणं वाटतं. पण रुपयात मांडलेलं साहेबांना दिसतं, आणि पुढच्या एप्रिलला तुमच्या साहेबांच्या हातात दाखवायला काहीतरी पाहिजे ना. साहेबांशी बोलायला बसाल तेव्हा "त्याला का दिलं" हा प्रश्न नका विचारू, त्याला कुणीच खरं उत्तर देत नाही. असिस्टंट मॅनेजरसाठी माझ्यात काय कमी आहे आणि केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या कामांत, काय घालू, असं विचारा, आणि जे सांगतील ते त्याच दिवशी मेलने परत लिहून कळवा.

त्या पीस फेकण्याचं मात्र वेगळं. प्रमोशन बाजूला ठेवा, हा मारहाणीचा प्रकार आहे आणि तुम्ही तिथे होतात. तारीख, वेळ, कोणत्या मशिनपाशी, काय शब्द वापरले, कोण कोण होतं, हे आजच लिहून ठेवा. नुसत्या आरडाओरड्याविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही, २०१३ चा कायदा आहे तो बायकांच्या लैंगिक छळापुरता. पण कामगारांसाठी महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे आणि त्याच्या परिशिष्टात, गुणवत्ता न बघता एका गटाची मर्जी राखणं हे अनुचित म्हणून चक्क लिहिलेलं आहे. तुम्ही सुपरवायझर म्हणून बहुधा त्याच्या बाहेर पडाल, लाइनवरचे कंपनीच्या पटावरचे कामगार पडत नाहीत, युनियन असेल तर तिथे बोला. एचआरकडे एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा आणि लेखी द्या. मी स्वतः एचआरची असून सांगते, एकट्याची तोंडी तक्रार आली की तिला पर्सनल वाद म्हणायचा मोह होतो, मलाही झालाय, आणि एकदा त्यामुळे एक चांगला फिटर आमच्याकडून निघून गेला, ते मला आजही टोचतं. त्या पोराला आधी विचारा मात्र, त्याची इच्छा नसेल तर त्याचं नाव पुढे करू नका, त्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टची आहे, तुमच्यासारखी नाही.

राजीनामा रागात नाही टाकायचा. घरात ईएमआय असेल, मुलीची फी असेल. दिवाळीपर्यंत मुदत घ्या, तोवर वर सांगितलेलं करा आणि त्याच वेळी बाहेर बायोडेटा फिरवा, दोन्ही एकदम. नऊ वर्षांचा क्वालिटीचा माणूस, कस्टमर ऑडिट दिलेला, आठ-डी, म्हणजे कस्टमरच्या तक्रारीवरचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, लिहिता येणारा, त्याला चाकण-तळेगाव-रांजणगावात विचारणारे आहेत. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटीवर तुमचा हक्क आहे, पीएफ मोडू नका, ट्रान्सफर करा. आणि इंटरव्ह्यूला गेलात की त्याच्याबद्दल एक शब्द नको, मार्चची ती रात्र सांगा, नो-गो आत गेला आणि मी महिनाअखेरीला ४२० पीस होल्ड केले. ज्या साहेबाला ते ऐकून पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल त्याच्याकडे जा. झोप आणखी दोन-तीन आठवडे अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा, बायकोला बरोबर न्या, तिने तुमच्याआधी ओळखलेलं दिसतंय.

प्रश्न : ताई, माझं उलटं झालंय. मी नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होते, दोन महिन्यांपूर्वी वॉर्डची इन्चार्ज झाले. आमची आधीची इन्चार्ज सगळ्यांसमोर टाकून बोलायची, सलग नाइट लावून सूड काढायची, मी खूप रडलेय तिच्यामुळे. आणि गेल्या आठवड्यात औषधाची नोंद राहिली म्हणून मी एका नवीन मुलीला पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणाले, डोकं घरी ठेवून येतेस का. हे तिचंच वाक्य होतं. मी पण तशीच होणार का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाक्य कुणाचं आहे ते तुम्हाला एका आठवड्यात कळलं, तिला बहुधा कधीच कळलं नसेल. आपल्याला इन्चार्ज व्हायला कुणी शिकवत नाही, जशी इन्चार्ज पाहिली तशाच आपण होतो, आणि वॉर्डात तीस पेशंट आणि तीन नर्स असल्या की तोंडात जुनीच वाक्यं येतात. नोंद राहिली हे मोठंच होतं, ते बोलायलाच हवं, पण ते बोलायला ड्युटीरूम आहे. पुढच्या महिन्याचा रोस्टर करताना नाइट कुणाला किती आल्या ते सगळ्यांना दिसेल असं भिंतीला लावा, म्हणजे सूड उगवायची जागाच राहणार नाही. आणि त्या मुलीची माफी एकटीला बाजूला घेऊन मागू नका, बोललात सगळ्यांसमोर ना, मग उद्या सकाळी हँडओव्हरला सगळ्या असताना मागा, आणि नंतर तिच्याबरोबर बसून ती नोंद कशी करायची ते एकदा दाखवा.